न विसरणारी चकती

भुसावळात त्या वर्षी वैशाखातच पारा पन्नासला टेकला आणि दामोदर नारखेड्यांच्या घरगणकाचा पंखा घुमायला लागला. घरगणक तेव्हा घरोघरी असत. ते दिवे, पाणी, औषधांच्या वेळा सांभाळत आणि माणसांशी गप्पाही मारत. पण इतरांचे विकतचे, बंद डब्यातले. नारखेड्यांनी मात्र लोको शेडमधून निवृत्त झाल्यावर सुटे भाग जमवून आपला गणक स्वतः जुळवला होता. त्याला कोणी नावं ठेवली, तर घरच्या माणसाला ठेवल्यासारखं त्यांना लागायचं.

इंदुमतीबाईंचं आणि त्या गणकाचं छान जमलं होतं. दुपारी नवरा वाचनालयात गेला की त्या गणकासमोर बसून मनातली सगळी जळजळ बाहेर काढत आणि शेवटी म्हणत, "पूस आता." गणक "बरं" म्हणायचा, पंखा जोरात फिरायचा आणि बाई हसतमुखाने चहा टाकायला उठायच्या. त्यांच्या सुखी संसाराचं निम्मं श्रेय या दोन शब्दांना होतं. नारखेड्यांना अर्थातच त्याचा पत्ता नव्हता.

पंख्याची घरघर ऐकून शेजारच्या भोळ्यांची केतकी, पुण्यात उष्णतेवर संशोधन करणारी, सुट्टीत येताना एक चकती घेऊन आली. नारखेड्यांनी चार स्क्रू काढून पंखा उतरवला, प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि हरभऱ्याएवढा नवा लेप लावून चकती बसवली.

"पंखा नाही, मग हे गार कसं राहणार गं?" बाईंनी विचारलं.

"काकू, पंखा झालेली उष्णता बाहेर घालवतो. ही होऊच देत नाही," केतकी म्हणाली. "यंत्र तापायची बाकीची कारणं आम्ही केव्हाच संपवली. एकच उरलं, ते म्हणजे पुसणं. माहितीचा एक कण पुसला तरी थोडी उष्णता होतेच, निसर्गाचा नियमच आहे तो. म्हणून ही चकती काही पुसू देत नाही. सगळं घडी घालून ठेवते."

"कपाट भरेल की मग!"

"तुमच्या नातवंडांच्या हयातीत नाही भरायचं."

तिघंही हसली. बाईंच्या डोळ्यांसमोर साड्यांचं कपाट होतं, दुसरं काही त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या रोज "पूस आता" म्हणत राहिल्या, गणक सवयीने "बरं" म्हणत राहिला. पंखा फिरत नव्हता, पण पंखा होताच कुठे?

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस जवळ आला. एका संध्याकाळी नारखेड्यांनी गणकाला हळूच विचारलं, "का रे, आमच्या लग्नाबद्दल ही काही बोलली का? काय आणावं तिला?"

"बोलल्या," गणक सरळपणाने म्हणाला. "म्हणाल्या, 'अकोल्याच्या शाळेत मुख्याध्यापिका झाले असते. यांच्याशी लग्न केलं तेच चुकलं.' पुसायला सांगितलं होतं. पुसता येत नाही."

दारात बाई उभ्या होत्या. हातातलं ताट त्यांनी तिथेच खाली ठेवलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिडले होते हो. पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या शाळेतल्या नोकरीला विरंगुळा म्हणालात ना, त्या दिवशी."

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी कशाला म्हणेन?"

नारखेडे फार दुखावले होते, पण चूक कोणाची हेही त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच चकती उतरवून जुना पंखा परत बसवायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला. केतकीने फोनवर बजावलं, "जपून, काका. साठलेलं सगळं एकदम पुसलं जाईल. खूप तापेल."

तसंच झालं. पंखा किंचाळला, खोलीची भट्टी झाली. दोघांनी खिडक्या उघडल्या आणि गणकाच्या पेटीला पदराने वारा घालताना बाईंना हसू फुटलं. नारखेडेही हसले. मग पंखा शांत झाला. गणकाला त्या बोलण्याबद्दल विचारलं, तर खरोखरच काही आठवत नव्हतं.

बाईंनी चहा आणला. कप देताना त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला.

"अहो, अंग गरम लागतंय तुमचं. ऊन बाधलं का?"

"नाही गं," ते म्हणाले. "पुसतोय. मी पडलो जुन्या बनावटीचा, वेळ लागेल."

बाईंनी कपाळावरचा हात तसाच ठेवला.