तिसऱ्या हाकेची ओ

तो मंगळवार अगदी साधा होता. सातवीच्या वर्गातला पंखा खडखडत होता म्हणून वायरमन सकाळीच शाळेत गेला होता. बाकावर स्टूल, स्टुलावर तो, आणि खाली स्टूल धरून शिपाई. मुलं बाहेर व्हरांड्यात दंगा करत होती. फोन वाजला तेव्हा त्याच्या तोंडात दोन स्क्रू होते. मोठ्या भावाचा फोन. खेकडेवाला सापडला, एवढंच तो म्हणाला. मोरीच्या दाराला बाहेरून चिकटून.

हे मला वायरमननेच सांगितलं बरं का, याच कठड्यावर बसून. तेव्हा ऐकीव म्हणून हसू नका. आणि कुणाला उठायचं असेल तर आत्ताच उठा, मध्येच नको.

मोरी तुम्ही पाहिली आहे. आपली शेवटची गल्ली संपते तिथे बांधाची भिंत, दीड पुरुष उंच, शेवाळलेली. पलीकडे खारफुटीचा चिखल आणि त्याच्या पलीकडे खाडी. चिखलातून वस्तीत यायची वाट एकच, भिंतीखालची मोरी. भरतीचं पाणीही त्याच वाटेने शिरू बघतं, म्हणून मोरीला लोखंडी दार आहे. भिंतीवर उभं राहून चाक फिरवलं की ते खाली उतरतं. हे काम वायरमनच्या मोठ्या भावाचं, वीस वर्षांचं. त्या दिवसांत त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून दाराचं काम धाकट्याकडे आलं होतं. मोठ्याने त्याला चाक शिकवायच्या आधी हाक शिकवली. तीनदा ओरडायचं, दार लावतोय, चिखलात कोण आहे? असेल त्याने 'आलो' म्हणायचं. ओ आली की माणूस डोळ्यांना दिसेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. "तुझी सवय खांबावर बघायची," तो चिडवायचा. "इथे खाली बघावं लागतं, साहेब."

आदल्या दिवशी, सोमवारी, वायरमनने तीन हाका मारल्या होत्या. तिसऱ्या हाकेला ओ आली होती. निवांत, ओळखीची, खेकडेवाल्याची.

"येतो."

आता मला सांगा, आपण निघताना काय म्हणतो? जातो असं कधी म्हणतो का? इथून घरी निघालात की तुम्हीही मला येतोच म्हणाल. वायरमनला वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. खाडीपलीकडे त्याच्या लेकीचं घर होतं, कधीकधी तो तिकडून होडीने जायचा. वायरमनने हात हलवला, अंधारातल्या न दिसणाऱ्या माणसाला. आणि चाक फिरवलं.

घरी जाताना मागे लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. ओंडका असेल, असं त्याने ठरवलं. वळून पाहिलं नाही.

म्हणून मंगळवारी फोनवर मोठ्या भावाने विचारलं, ओ आली होती का रे, तेव्हा स्टुलावरून तो नाही म्हणाला. तोंडातले स्क्रू न काढता. खरं सांगितलं असतं तर मोठ्याची नोकरी गेली असती. निदान स्वतःला तो असंच सांगायचा.

तिसऱ्या दिवशी खेकडेवाल्याची बायको भिंतीपाशी आली. रडली नाही. ओ दिल्याशिवाय ते राहायचे नाहीत, भाऊ, असं म्हणाली, तुम्हाला ऐकू आलं नसेल. तो खाली बघत राहिला. मग तिने आकड्याचं विचारलं. बिळातून खेकडा ओढायची लोखंडी सळई असते ना, टोकाला वाकवलेली, तो आकडा. मुठीला लाल दोरी होती. माणूस सापडला, पण आकडा सापडला नव्हता. मिळाला तर तेवढा आणून द्या, असं सांगून ती गेली. तो हो म्हणाला.

भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच वेळेवर येते. मधल्या काळात चिखलात कुणी उतरलंच नाही. वायरमन हाका मारायचा, कुणी ओ द्यायचं नाही, तो दार लावून घरी यायचा.

मग पंधरा दिवसांनंतरचा सोमवार आला. रात्रीचे आठ वीस, तीच वेळ. वारा पडलेला. तो भिंतीवर चढला, टॉर्च लावला आणि पहिली हाक मारली.

काही नाही.

दुसरी. दूर खारफुटीत एक पक्षी फडफडला. तेवढंच.

तिसरी हाक मारावी की नाही, असं त्याच्या मनात आलं. पण मारली.

"येतो."

तोच आवाज. तोच निवांतपणा.

त्याने चाकावरचा हात काढला. टॉर्च फिरवला. चिखल, मुळं, पुढे सरकणारं पाणी. माणूस नाही. "लवकर या," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"येतो."

आवाज जवळून आला... पण पावलं वाजली नाहीत.

पाणी मोरीत शिरलं. गल्लीच्या टोकाला मोठ्याचं घर, तळमजल्यावर. त्यात अंथरुणाला खिळलेली आई. फोन वाजला. पाणी उंबऱ्याला लागलं, काय करतोयस, असं मोठा विचारत होता.

"चिखलात माणूस आहे," वायरमन म्हणाला.

"कोण?"

वायरमनने टॉर्च पुन्हा मुळांवरून फिरवला.

"अरे, कोण?"

"येतो," खालून आवाज आला. आता अगदी मोरीच्या तोंडाशी. त्याने टॉर्च खाली धरला. नुसतं काळं पाणी, आणि ते आत चाललेलं. दिसेपर्यंत थांबायचं... दिसेपर्यंत. पण दिसणार कोण होतं?

गल्लीत बायका ओरडू लागल्या. मोठा कुबडी टेकत पाण्यातून येताना दिसला.

त्याने चाक धरलं. डोळे मिटले. फिरवलं.

दार तळाला टेकलं. पाणी थांबलं. सगळं थांबलं.

लोखंडावर काही आपटलं नाही. तो वाट बघत होता... आपटलं नाही.

मग त्याच्या मागून, वस्तीच्या बाजूने, कानाला ओल लागेल इतक्या जवळून...

"आलो."

मोठ्याने त्याला भिंतीवरून उतरवलं, घरी आणून सोडलं. मोठ्याला काही ऐकू आलं नव्हतं. वायरमनने मागचं दार लावलं, पुढच्या दाराला आतून कडी लावली, वरचा बोल्ट लावला, खुर्ची टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसला. पहाटे कधीतरी त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बोल्ट तसाच होता. खुर्ची तशीच. फरशी कोरडी. आणि आतल्या कडीला आकडा लटकत होता. मुठीला लाल दोरी, टोकाला चिखल. थेंब थेंब गळत होता.

याला आता सहा वर्षं झाली. वायरमनची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली, ती आली नाही. त्या घरात आता तो एकटाच राहतो, मागच्या दाराने ये-जा करतो. आकडा त्याच कडीला आहे. मी हात लावून पाहिला आहे. एवढ्या उन्हाळ्यांत तो एकदाही वाळलेला नाही.

खेकडेवाल्याची बायको चौथ्या गल्लीत राहते, चालत पाच मिनिटं. आकडा तिला नेऊन द्यायचा राहिला आहे.