दोन्हीकडून लागणारं कुलूप

चावीवाल्याला त्या दिवशी साधंच काम होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणाऱ्या बाईला बाहेर काढलं होतं, तिच्या दाराचं कुलूप बदलायचं. भाडं एकदम दुप्पट केलेलं. का? मालकाच्या मनाला आलं म्हणून! बाईचं मशीन जिन्यात, भांडी त्याच्यावर, आणि ती कठडा धरून उभी.

"दादा, जुनी चावी राहू दे माझ्याकडे."

"ठेवा की मावशी. कान कोरायला होईल," म्हणून हा हसला.

काढलेलं कुलूप चावीवाल्याचं, ही धंद्यातली रीत. हे पितळी, जड, आतून-बाहेरून दोन्हीकडून चावीनं लागणारं. त्यानं ते आपल्याच खोलीला बसवलं. जुनी चावी चालू नये म्हणून आतले खटके बदलून मग बसवायचं असतं. यानं कंटाळा केला. शहाण्याची अक्कल अशीच गवत खायला जाते. त्या खोलीच्या भाड्यापायी नवराबायको एक वेळ उपाशी राहत. ती सुटली तर दुसरी मिळणार नव्हती.

आठवड्यानं कळलं, बाई बसथांब्यावर थंडीनं गेली. तिची मूठ काही केल्या उघडेना, तशीच नेली म्हणे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो जेवायला घरी आला. चावी घातली, जाईना. आतून दुसरी चावी लावलेली.

"झोपलीस काय गं? उघड!"

"अहो..." आवाज मागून आला. बायको जिन्यात, हातात भाजीची पिशवी. "मी इथंय."

आत शिवणाचं मशीन चालत होतं. खडखड... खडखड... यांच्या घरात मशीन कधीच नव्हतं. मग ते थांबलं. दातानं दोरा तोडल्यासारखा आवाज झाला. फटीतून मशीनच्या तेलाचा वास आला.

"कोण आहे?" आतून कुणी हळूच विचारलं. "भाडं भरलंय मी..."

"तोडा ना कुलूप," बायको कुजबुजली. "आपलं घर आहे ते."

हजार दारं उघडलेला माणूस. त्याचे हात उठेनात. हातातली चावी तशीच घट्ट धरून तो बायकोला घेऊन खाली उतरला, तो परत वर गेलाच नाही.

खोलीच्या मालकानं दुसरा चावीवाला आणला. दार एका झटक्यात उघडलं. आत कुणी नव्हतं. महिन्याभरात खोली चढ्या भाड्यानं गेलीसुद्धा.

हे दोघं आता त्याच बसथांब्यावर असतात. धंदा बसला, कारण त्याची उजवी मूठ त्या दुपारपासून उघडत नाही. बायकोनं गरम पाणी ओतून पाहिलं, बोटं ओढून पाहिली. चावी आतच आहे. आणि मूठ नाकाजवळ नेली, की मशीनच्या तेलाचा वास येतो... ताजा.