सातव्या खणातली पिशवी

"सर, सातव्या खणातल्या त्या पिशवीला कोणी हात का लावत नाही?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता. मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या गळ्यात मारला होता. ही पोरगी एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही, म्हणून घरीदारी तिचं नाव भिंगरी. अशी मुलगी रायफल चालवते, हाच क्लबातला मोठा विनोद. त्यात महिन्यापूर्वी सायकलवरून पडून गुडघा प्लास्टरमध्ये गेला. उभं राहणं बंद, म्हणून आजची निवड चाचणी बसून, रायफलीला टेकू लावून द्यायची होती. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं, शंभरात नव्वद आले तर पुढे. नाहीतर शाळा संपेपर्यंत रायफल क्लबात जमा.

सर रायफलीची नळी पुसत होते. "हात सगळेच लावतात," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा लावत नाहीत, एवढंच."

मैत्रिणी खिदळल्या. सर हसले नाहीत.

टेकू म्हणून भिंगरीनं सगळं वापरून पाहिलं होतं. दोन पायांचा स्टँड टेबलावर थरथरायचा. तिपाई उंच पडायची, मान अवघडायची. पट्ट्यानं दंड आवळला, की नाडीचा ठोका थेट नळीपर्यंत पोचायचा आणि नेम काळ्या ठिपक्यावरून टुणकन उडी मारायचा. सत्त्याहत्तर, एक्क्याऐंशी, पुन्हा अठ्ठ्याहत्तर. चाचणीच्या अर्जात टेकूचं नाव लिहायला आता अर्धा तास उरला होता. बुडत्याला काडीचा आधार, म्हणत तिनं सातवा खण उघडला.

कातडी पिशवी, विटकी, वीतभर लांब. वरच्या अंगाला कोपराचा खळगा. टेबलावर ठेवून तिनं त्यात डावं कोपर टेकवलं, तर ते असं बसलं की जणू माप घेऊनच शिवली असावी. तिनं रायफल उचलून नेम धरला.

नेम हलेना. श्वास घेतला तरी नाही, सोडला तरी नाही.

आनंदानं ती ओरडणारच होती, तेवढ्यात कोपराखाली तिला ऊब जाणवली. आपल्याच अंगाची असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग तळवा ठेवून पाहिला. आत काहीतरी ठोके देत होतं. सावकाश, एका लयीत.

तिची आई नर्स. घाबरायच्या आधी मोजावं, ही घरची शिकवण. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत भिंगरीनं मोजलं. मिनिटाला चोपन्न. मग स्वतःची नाडी पाहिली. ब्याण्णव.

"सर, हिच्यात काय भरलंय?"

"वाळू," सर म्हणाले. मग खाली बघतच, "दोनदा ओतून पाहिली मी."

तिनं अर्जात लिहिलं, वाळूची पिशवी.

दहा गोळ्या. शहाण्णव.

मैत्रिणींनी तिला खुर्चीसकट उचललं. महिनाभर छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि हसता हसता तिला रडू आलं.

पिशवी परत ठेवताना तिनं सहज तळवा टेकवला.

आतले ठोके आता घाईत होते.

मोजले. ब्याण्णव.

तिनं खण हळूच लावून घेतला.

घरी बाबांनी गुणांचा कागद दोनदा वाचला आणि शब्द पाळल्यासारखा रायफलीच्या पेटीवर ठेवला. आईनं सवयीनं तिचं डावं मनगट धरलं. घड्याळ पाहिलं. मग उजवं धरलं. मग पुन्हा डावं.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"चोपन्न," आई घड्याळावरची नजर न काढता म्हणाली.

भिंगरीनं हात अलगद सोडवून घेतला आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उचलला. तिला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी खेळणार. आणि पुढच्या अर्जात टेकूच्या रकान्यात लिहिणार, काही नको."

पेला तिच्या डाव्या हातात होता. पाण्यावर साधा तरंगही नव्हता.