कडक स्प्रिंग

"आई गं!"

भूषण पाठ धरून खालीच बसला. पेंटबॉलचा खेळ जागच्या जागी थांबला. चेलना आणि तिचा धाकटा भाऊ जिनेश धावत आले. चेलनानं भूषणचं जाकीट वर केलं आणि तिचे डोळे विस्फारले! पाठीवर वाटीएवढा काळानिळा वळ उठला होता.

"रंगाच्या गोळीनं एवढं? काल मला कितीतरी लागल्या, काहीच झालं नाही!"

"मीच मारली," जिनेशचा चेहरा पांढरा पडला. "लांबूनच मारली गं, ताई! पण आज बंदूक फट् नाही, फटाक् वाजली!"

मेहरूण तलावाजवळचं हे मैदान तोतारामनानांचं. बंदुका सांभाळायचा त्यांचा मुलगा, नवलभाऊ.

"नाजूक पोरं!" नवलभाऊ हसत म्हणाले. "खेळात लागतंच!" आणि ते शेडमध्ये निघूनही गेले.

चेलनाला चैन पडेना. तिघं शेडच्या खिडकीशी गेली. आत नवलभाऊंनी एक बंदूक खोलली होती. जुनी स्प्रिंग काढून त्यांनी पाकिटातली जाडजूड नवी स्प्रिंग बसवली आणि स्क्रू आवळला. खांद्याशी फोन होताच.

"अरे, ऑनलाईन मागवली! एका बंदुकीत कालच टाकली, आता सगळ्यांत टाकतो. गोळी काय सुसाट सुटते! वेग मोजायचं यंत्र? ते कोण लावत बसतं! दुपारी भुसावळहून शिबिराची पोरं येणार, खूश होतील!"

तिघं पटकन खिडकीखाली वाकली.

"ती तर आपल्याहून लहान असतील!" भूषण पुटपुटला. "तोंडावर बसली तर?"

"भाऊ आपलं ऐकणार नाहीत," चेलना म्हणाली. "त्यांना दाखवायलाच हवं. जिनेश, पळ, नानांना घेऊन ये!"

मग ती खिडकीतून डोकावून गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, नव्या बंदुकीची करामत दाखवा ना!"

नवलभाऊ खुलले. "बघाच तुम्ही!"

शेडमध्ये खायला आणून ठेवलेलं एक टरबूज भूषणनं भिंतीजवळच्या पिंपावर ठेवलं. चेलनानं टरबुजाला खेळताना घालायचा मास्क चढवला.

"हे कशाला?"

"माणसाचं डोकं समजा, भाऊ!"

सगळे मास्क लावून जाळीमागे उभे राहिले. नानाही येऊन पोचले होते. नवलभाऊंनी नेम धरला.

फटाक्!

मास्कची काच तडकून आत घुसली. टरबूज फुटलं आणि लालभडक गर पिंपावरून ओघळू लागला.

 नवलभाऊंनी बंदूक खाली ठेवली.

"हाई काय शे, नवल?" नानांचा आवाज चिरकला. "लेकरांच्या हातात हे देणार होतास?"

"नाना... मला वाटलं, जरा जोर वाढेल..."  नवलभाऊंनी जवळ येऊन भूषणची पाठ पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "चुकलो रे, भूषण. तू ओरडलास, तेव्हाच थांबायला हवं होतं."

नानांनी सगळ्या बंदुका कुलपात ठेवल्या. बस आली तेव्हा नवलभाऊंनी शिबिराच्या मुलांची स्वतः माफी मागितली आणि मैदानावर लगोरीचा डाव मांडला.

भूषणच्या पाठीला मलम लावत नाना म्हणाले, "मोठ्यांनी हसून सोडून दिलं, तरी तुम्ही सोडलं नाहीत. आज किती घरांवरचं संकट टाळलंत, पोरांनो!"