डावा दिवा

विश्वास ठेवाच, असा आग्रह नाही. पण यातली माणसं जिवंत आहेत, रोज गाडी चालवतात, आणि यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही रात्रीची नाही. चांगला उजेड होता. संध्याकाळ नुकती कुठे लागत होती, घाटात धुकं उतरलं होतं आणि पंक्चरवाल्याच्या दुकानात रेडिओ चालू होता.

घडलं ते आमच्या दाजींच्या बाबतीत. म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या.

दाजी ट्रक चालवतात. त्यांचा धाकटा भाऊही तेच करतो. त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. बारक्या दारातून आत येतो तेव्हा दार भरून जातं, एवढा त्याचा देह. पण नाव एकदा पडलं ते पडलं.

दोघे एकाच कंपनीत. वाट एकच, म्हणून जोडीनं निघायचे. दाजी पुढे, बारक्या मागे. वळण पार केलं की पुढच्यानं ब्रेकला दोनदा हलकासा पाय लावायचा. मागचे लाल दिवे दोनदा उजळले की मागच्यानं समजायचं, रस्ता मोकळा आहे, ये.

ही रीत त्यांच्या बाबांची.

बाबाही ट्रकच चालवायचे. जुन्या रस्त्यावरचा पूल पुरात खचला, तेव्हा ते गाडीसकट खाली गेले. दाजींना तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. बारक्या तर अजून शाळेतही जात नव्हता. त्या दिवसापासून दाजी त्याचे भाऊ कमी आणि बाप जास्त झाले.

पुढे नवा रस्ता झाला, नवा पूल झाला. जुन्या पुलाचं जे काही उरलं होतं ते पाडून टाकलं. जुना रस्ता आता दरीच्या तोंडाशी जाऊन संपतो. फाट्यावर सिमेंट भरलेली पिंपं आडवी लावून तो बंद केलाय.

नव्या गाड्या मिळाल्या, तेव्हा दोघे भाऊ पोरांसारखे खूश झाले होते. क्रूझ लावून वेग ठरवून दिला की गाडी आपली आपण चालते. पुढच्या गाडीपासून अंतर राखते. ती हळू झाली की ही हळू होते. काही आडवं आलंच, तर स्वतःच करकचून ब्रेक लावते. पुढची गाडी स्क्रीनवर छोट्याशा हिरव्या चित्रासारखी दिसत राहते.

शिकवायला आलेल्या बाई कडक होत्या.

"गाडी पुढच्या गाडीकडे बघते," त्या म्हणाल्या. "रस्त्याकडे तुम्ही बघायचं. रस्ता कुठे चाललाय, पुढे आहे की नाही, हे तिला कळत नाही. घाटात, धुक्यात, ओल्या रस्त्यावर क्रूझ बंद म्हणजे बंद. आणि चालू असलं तरी पाय ब्रेकपाशीच."

"मग बाई, गाडी करते काय?" बारक्यानं विचारलं.

"तुमचं चुकलं तर वाचवायचा प्रयत्न करते. प्रयत्न म्हणाले मी. हमी नाही."

सगळे हसले. बारक्या सगळ्यात मोठ्यानं हसला.

आणि त्याला एक खोड लागली. क्रूझ लावायचं, चप्पल काढायची आणि सीटवर मस्त मांडी घालून बसायचं. दोन्ही पाय वर! दाजींच्या एकदा ते नजरेस पडलं, तेव्हा त्यांनी त्याला असं झापलं की कंपनीच्या गेटवरचे सगळे ऐकत होते.

"पंगतीला बसलायस का रे?"

"दादा, तू पुढे असतोस ना? मग गाडी तुझ्या मागे येते. मला काय करायचंय?"

पुढे दादा आहे. एवढ्या एका गोष्टीवर त्याचं सगळं चालायचं.

त्या दिवशी घाट चढून वर आले आणि धुकं लागलं. दाजींनी क्रूझ बंद केलं. फोन करून बारक्यालाही बजावलं.

"केलं बंद," तो म्हणाला.

केलं नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर दाजींच्या गाडीत दिवा लागला. मागच्या एका टायरची हवा उतरत होती. समोरच पंक्चरवाल्याचं दुकान दिसलं. रस्त्यापासून बरंच आत, मध्ये एक टँकर उभा. दाजींनी गाडी टँकरच्या पलीकडे घेतली आणि बारक्याला फोन लावला.

लागला नाही.

पुन्हा लावला. रेंजच नव्हती.

येईल मागून, दिसेल त्याला, असं म्हणून ते टायरपाशी जाऊन उभे राहिले. पंक्चरवाल्यानं जॅक लावला. रस्त्यावरून एक जड गाडी घरघरत गेली. धुक्यात नीट दिसली नाही. दाजींनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा टायरकडे वळले.

थोड्या वेळानं रेंज आली आणि फोन वाजला.

बारक्याच होता.

"दादा, जरा दमानं घे की! एवढी कसली घाई? मध्येच दिसेनासा झालास."

"कुठे आहेस तू?"

"कुठे म्हणजे? तुझ्या मागे."

दाजींनी रस्त्याकडे बघितलं. टँकर होता. धुकं होतं. बाकी काही नव्हतं.

"बारक्या, मी थांबलोय. पंक्चरवाल्याकडे. टायर काढलाय."

"हो का? मग माझ्यापुढे काय माझा सासरा चाललाय?" तो हसला. "स्क्रीनवर दिसतोयस मला. हिरवा हिरवा. अंतर अगदी बरोबर धरलंय गाडीनं."

"दुसरी कुणाची तरी गाडी असेल ती. सोड तिला."

"चेष्टा पुरे हं दादा. आत्ताच्या वळणावर दोनदा ब्रेक दाबलास की."

दाजींच्या हातातला पाना तसाच राहिला.

वळणावर दोनदा ब्रेक... ती रीत त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हती. कंपनीत कुणालाही नाही.

"आणि तो मागचा दिवा बदलून घे," बारक्या बोलतच होता. "डावा. किती मिणमिणतोय. धुक्यात दिसत पण नाही धड."

दाजी आपल्याच गाडीच्या मागे उभे होते. दोन्ही दिवे त्यांच्यासमोर होते. डावा आणि उजवा, दोन्ही लख्ख जळत होते.

त्यांनी वाकून डावा दिवा पुन्हा नीट बघितला.

डावा दिवा मिणमिणायचा तो बाबांच्या गाडीचा. काही केल्या तो सुधारला नाही. किती बल्ब बदलले, किती वायरी बदलल्या. लहानपणी दाजी दारात उभे राहून बाबांची गाडी जाताना बघायचे. एक दिवा ठळक, एक मिणमिणता. लांब जाईपर्यंत बघत राहायचे. बारक्या तेव्हा एवढासा होता, त्याला ते आठवणंच शक्य नव्हतं.

"बारक्या," दाजींचा आवाज चढला, "क्रूझ बंद कर. गाडी थांबव."

"अरे, पण तू आत्ता डावीकडे वळलास ना? मीही वळलो. हा कुठला रस्ता काढलास? काय खड्डे आहेत!"

डावीकडे.

डावीकडे फक्त एकच रस्ता जातो...

"तो जुना रस्ता आहे! पुढे पूल नाही बारक्या! ब्रेक मार! पायानं मार ब्रेक!"

"पण पुढे तू..."

"मी नाहीये तो!"

दाजी एवढ्या जोरात ओरडले की पंक्चरवाला जॅक सोडून उठला.

फोनमध्ये काहीतरी धडपड ऐकू आली. मांडी सोडवताना गुडघा कुठेतरी आपटला असावा. बारक्या शिवी हासडत होता. "पाय... दादा, माझा पाय..."

मग गाडीचा इशारा वाजू लागला. टीं टीं टीं टीं.

आणि टायर घासल्याचा लांबलचक आवाज.

मग... काहीच नाही.

फोन चालू होता. दाजी नुसते नाव घेत होते. बारक्या. बारक्या. पलीकडून उत्तर नव्हतं. फक्त इंजिनाची घरघर येत होती. दाजींनी कान देऊन ऐकलं. घरघर एका गाडीची नव्हती. एक जवळची होती. दुसरी जुन्या इंजिनाची, खडखडणारी, आणि ती लांब लांब जात होती.

मग फोन कटला.

पंक्चरवाल्यानं लगेच मोटरसायकल काढली आणि म्हणाला, "बसा."

वाटभर दाजींच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. आईला काय सांगायचं? एकाच दरीत दोघे गेले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

फाट्यावर पोचले तर पिंपं जागच्या जागी होती.

सगळी. ओळीनं. एकही हललेलं नाही, एकावरही साधा ओरखडा नाही. दोन पिंपांमधून ही मोटरसायकलसुद्धा कशीबशी गेली असती.

दाजींचा जीव भांड्यात पडला. बारक्या इकडे आलाच नाही. दुसरीकडेच कुठेतरी वळला असणार.

तेवढ्यात पंक्चरवाल्यानं पुढे बोट दाखवलं.

पिंपांच्या पलीकडे, धुक्यात... दोन लाल दिवे.

दाजी धावत सुटले. बारक्याचीच गाडी होती. दरीच्या काठापासून एवढी जवळ की दाजींना पुढून वळसा घालता येईना. दाराला लटकूनच ते वर चढले.

बारक्या सीटवर होता. जिवंत. एक पाय अजून मांडीत अडकलेला, दुसरा हवेत. घामानं निथळत होता. नजर समोर.

"मी ब्रेक मारला नाही दादा," तो म्हणाला. "माझा पाय पोचलाच नाही. गाडी आपोआप थांबली."

दाजींनी त्याला कवटाळलं. एवढा मोठा गडी, लहान पोरासारखा रडला. दाजीही रडले. पंक्चरवाला खाली उभा राहून दुसरीकडे बघत होता.

"पुढची गाडी?" दाजींनी शेवटी विचारलं.

बारक्यानं दरीकडे हात केला.

"ती थांबली नाही. गेली तशीच. सरळ. जसा काही पुढे रस्ता आहे. स्क्रीनवरसुद्धा पुढे पुढे जात राहिली... आणि वळणावर दाबावा तसा दोनदा ब्रेक दाबला तिनं."

दोनदा.

रस्ता मोकळा आहे, ये.

गाडी बाहेर काढायला क्रेन लावून पिंपं हलवावी लागली. रस्ते खात्याची माणसं डोकं खाजवत राहिली. ही आत गेली कशी, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

कंपनीनं गाडी तपासली. बारक्याला चांगलाच दम मिळाला, गाडी काही दिवस काढून घेतली. ते बरोबरच होतं, तो स्वतःही तेच म्हणतो. पण तपासणारा मेकॅनिक दाजींना बाजूला घेऊन म्हणाला, "एक कळत नाही. या गाडीला दरी दिसत नाही हो. समोर पोकळी असली तर ती थांबत नाही, सरळ जाते. ती थांबली म्हणजे समोर काहीतरी होतं. तिच्या नोंदीत आलंय ते गाडी नव्हे. उभं असलेलं काहीतरी. माणसाएवढं."

"बारक्याला तर कुणी दिसलं नाही."

"तेच तर," मेकॅनिक म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

आईपासून हे लपवणार किती दिवस? शेवटी दाजींनी सांगितलं. ती सगळं शांतपणे ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

"दिवा कुठला मिणमिणत होता रे?"

"डावा."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग हसली. कित्येक वर्षांत अशी हसली नव्हती.

"तेच होते," ती म्हणाली. "त्यांनीच थांबवलं माझ्या पोराला."

तेव्हापासून ती सगळ्यांना हेच सांगते. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, ताईला तर रोज. बाप मेला तरी पोरांवर नजर ठेवून आहे, म्हणते. तिची झोप सुधारली आहे. भूकही लागते.

दाजी मान हलवतात. तिला काही बोलत नाहीत.

बारक्याला आता ते पुढे ठेवतात आणि स्वतः मागून जातात. धुकं दिसलं की दोघेही गाड्या बाजूला घेतात. वळणावर दोनदा ब्रेक दाबायची रीत मात्र दाजींनी बंद करून टाकली.

ताईला त्यांनी एकदाच सगळं बोलून दाखवलं. तिनं ते मला सांगितलं.

मिणमिणता दिवा थांबवणाऱ्याचा नव्हता. तो पुढे चाललेल्या गाडीचा होता. पोराला पिंपांपलीकडे घेऊन गेला तो दिवा. दरीच्या तोंडाशी दोनदा उजळून 'ये' म्हणाला, तोही तोच दिवा.

ज्या बाबांची गाडी दारात उभं राहून डोळ्यांआड होईपर्यंत बघितली, त्यांचीच आता दाजींना भीती वाटते.

आणि बारक्याच्या गाडीपुढे आडवं उभं राहिलं ते कोण होतं, हे घरात अजून कुणी विचारलेलं नाही.