फाशीला कारण लागत नाही

१९५२ सालची गोष्ट. धुळ्याकडच्या एका सेशन कोर्टात कोठावदे नावाचे जज्ज होते. चैत्रातल्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत, ते आपल्या खोलीत निकाल लिहायला बसले. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

खटला सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन भावांचा, वेस्ता आणि धना यांचा. जंगलात लाकूडतोडीचा मुकादम नथ्थू मरून पडलेला सापडला, मानेत कुऱ्हाड, घाव एकच. आणि दोघेही भाऊ पिंजऱ्यात उभं राहून सांगत होते, मीच मारला, भाऊ घरी होता.

तेव्हाचा कायदा मोठा गमतीचा. खुन्याला फाशी द्यायची तर कारण लिहावं लागत नसे. जन्मठेप द्यायची तर मात्र का दिली ते लेखी द्यावं लागे. मागच्या वर्षी साहेबांनी एकाचा जीव वाचवला, तर वरच्या कोर्टानं ताशेरे ओढले आणि बढती अडली. सरकारी वकील पितांबररावांना हे ठाऊक होतं. सकाळीच ते हळूच म्हणाले होते, "साहेब, दोघं कबूल आहेत. दोघांनाही द्या. कारणाची कटकटच नको."

साहेबांनी टाक उचलला, तेवढ्यात खोलीत ओल्या लाकडाचा वास भरला. समोरच्या बाकावर एक माणूस बसला होता. कललेली मान त्यानं हातानं सावरून धरली होती. पोलिसांच्या फोटोतला नथ्थू. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा मेल्यावर चढला होता.

"त्यास्नी माले मारं नही, साहेब... दारूना नशामा मीच पडनू. मन्हीच कुऱ्हाडवर."

"मग ते कबूल का..." साहेबांनी विचारलं.

"याले वाटस, त्यानी मारं... त्याले वाटस, यानी. लिखी ल्या ना, साहेब..."

पुन्हा पाहिलं तर बाक रिकामा.

भुताची साक्ष निकालात लिहिता येत नाही, हे खरं. पण दोन कबुल्या एकमेकींना खोडतात, एवढं एक वाक्य पुरलं असतं. साहेबांनी ते लिहिलंही. मग ताशेरे आठवले आणि त्यांनी त्यावर काट मारली. भित्रा माणूस, दुसरं काय म्हणायचं? दोघांनाही फाशी झाली. वरच्या कोर्टानं ती कायम केली. या वेळी ताशेरे नव्हते.

दोघं फासावर गेले त्याच्या आठवड्यानं दुसरा खुनाचा खटला उभा राहिला. कोर्ट माणसांनी गच्च भरलेलं. पितांबरराव साहेबांच्या पुढ्यात उभे राहून फाशी मागत होते. मागच्या बाकावर वेस्ता आणि धना शेजारी शेजारी बसले होते. एवढ्या गर्दीत त्यांची कुजबूज साहेबांना कानाशी बोलल्यासारखी ऐकू आली.

"का मारं रे त्याले, धना?"

"मी? मी नही मारं, दादा... माले वाटनं, तूच..."

मग दोघांनीही साहेबांकडं पाहिलं आणि ते उठून पुढं येऊ लागले.

बोलता बोलता पितांबरराव थांबले, आणि कुणाला वाट द्यावी तसे बाजूला सरकले.