भाकरतुकडा

शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या साळूबाईला शेवटी नातीनंच माहेरी नेलं. सायलीला कॉलेजसाठी बुडालेल्या गावाचे फोटो हवे होते, अन् आजीचं माहेर, कसबे राजुणी, जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं. नदीच्या वेढ्यातलं गाव, लोक त्याला बेटच म्हणायचे. यंदा उन्हाळ्यात पाणी लई खाली गेलं आणि ते पुन्हा वर आलं.

होडी लागली तेव्हा उन्हं कलली होती. नावाडी काठावरच बसला. "वेशीच्या आत मी नाय येत, बाई. उजेड हाय तवर फिरा."

म्हातारी मात्र चिखलातून पोरीसारखी सुटली. "ही वेस. निजामाच्या टायमाला इथं नगारा वाजायचा. ही बारव, तो दर्गा... इथं सोमवारचा बाजार. आन् हे..." ती एका जागी थबकली. "हे आमचं."

जोतं आणि दगडी उंबरा, एवढंच उरलं होतं. गाळाचा कुबट वास येत होता.

सासरच्या जाचानं रडत आलेल्या साळूला आईनं याच दारातून आल्या पावली परत धाडलं होतं. साळूनं तो राग धरला तो धरलाच. पुढं धरणापायी गाव उठायची वेळ आली. आईनं सांगावा धाडला, 'पंचमीला ये. एकदा उंबरा ओलांड, मग मी निघते.' साळू फणकारली, 'म्हणावं, माझं माहेर कवाच बुडालं!' जळो मेली ती जीभ! सगळं गाव गेलं, आई लेकीची वाट बघत बसली. एका रात्रीत पाणी चढलं. ती सापडलीच नाही.

"आये, चुकले गं..." साळूबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. हाताला काहीतरी लागलं.

भाकरीचा तुकडा. ऊन ऊन.

माहेरवाशीण दारात आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तिच्या डोळ्यांना पाणी लावायचं, मग आत घ्यायचं. तुकड्यावर थापल्याचे ठसे होते, मधल्या बोटाचा ठसा आखूड. आईचं ते पेर विळीनं तुटलेलं होतं. तेवढ्यात कुणाची तरी ओली बोटं साळूबाईच्या पापण्यांवरून फिरली. गार.

"ये... आत ये..."

तिनं उजवा पाय उचलला.

"आजी!" सायलीनं दंड धरला. "कुणाशी बोलतीस? चल ना... मला भ्या वाटतंय."

साळूबाईनं नातीकडं बघितलं. पाय खाली घेतला. "पोर हाय गं संग... आये, नाय जमत..." तुकडा पदरात बांधून ती रडतच माघारी फिरली. दुसऱ्यांदा.

रात्री छावणीतल्या घराचं कुलूप सायलीनं काढलं. आतून चुलीच्या धुराचा वास आला. गॅस थंडगार होता. ओट्यावर ताट झाकलेलं, त्यात एक भाकरी, कडेचा तुकडा मोडलेली. साळूबाईनं पदराची गाठ सोडून तुकडा लावून बघितला. नेमका बसला.

"मी नाय गेले," ती पुटपुटली, "तर तीच आली गं..."

भाकरी अजून ऊन होती. अन् आतल्या अंधाऱ्या खोलीतून थापण्याचा आवाज येत होता... थप, थप.